बर्फातलं गाऱ्हाणं

"...आणि आंब्या-काजूक मोहोर येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. समोरच्या देवदाराच्या फांदीवरचा बर्फ धप्पकन खाली पडला आणि कुठलासा काळा पक्षी आम्हाला शिव्या देत उडून गेला.

मी रघूच्या पाठीमागे, अगदी त्याच्या कानाला लागून उभा होतो. "आंबो नको रे," मी कुजबुजलो. "हय आंबो खंय? बर्फाचा सांग. वाटेचा सांग."

रघूनं छाती फुगवली. "आणि बर्फाक मोहोर येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आमचा वाटाड्या बलदेव कानटोपी वर सरकवून हा प्रकार बघत होता. शेवटी त्यानं मलाच विचारलं, बहुधा माझ्या चष्म्याकडे बघून. "बाबूजी, ये झगड़ा किस बात का है?"

झगडा नव्हता, गाऱ्हाणं होतं. आमचं गाव कुडाळच्या बाजूचं. जत्रा असो, शिमगा असो, विहीर खणायची असो की होडी पाण्यात लोटायची असो, देवाला आधी सांगितल्याशिवाय आमच्याकडे कशालाही हात लावत नाहीत. एकानं पुढे उभं राहून खड्या आवाजात देवाकडे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. मग शिमल्याच्या पलीकडचा अनोळखी डोंगर चढायचा, तोही भर जानेवारीत, बर्फातून, तर गाऱ्हाण्याशिवाय पाऊल कसं उचलणार? मी हे सगळं बलदेवला हिंदीत समजावलं. त्याला काय कळलं देव जाणे. माझं हिंदी पुस्तकी आहे.

खरं तर सगळा मीच पुस्तकी. तालुक्याच्या वाचनालयात माझी उभी हयात गेली. 'शांतता राखा' असं कुणाला सांगायचीही वेळ माझ्यावर कधी आली नाही. ते काम भिंतीवरची पाटी करायची. आणि नेमक्या माझ्यासारख्या माणसाच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. आमच्यातल्या थोरल्या घराचा तो मान. माझे वडील, नाना, गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की नदीपलीकडच्या वाडीतली माणसं हातातलं काम थांबवून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. ते नाना या सहलीच्या आधीच्या पावसाळ्यात गेले. मान माझ्याकडे आला, आणि मला जेवण जाईना.

शब्द मला सगळे येत होते. लहानपणी मी परसातल्या विहिरीच्या काठावर पालथा पडून, आत तोंड घालून नानांचं गाऱ्हाणं म्हणायचो. विहीर घुमून उत्तर द्यायची. विहिरीला तोंड नव्हतं, डोळे नव्हते, त्यामुळे तिच्यापुढे माझा आवाज निघायचा. चार माणसं समोर आली की तो पुन्हा विहिरीत जाऊन बसायचा.

रघू माझा चुलत भाऊ. माझ्याहून दीड महिन्यानं मोठा, म्हणून त्याची बायको मालन माझी वहिनी. भाताची गिरण चालवायचा आणि गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय लागल्यामुळे घरातही तसाच बोलायचा. कबड्डीच्या सामन्यांना माइकवर तोच. नानांच्या तेराव्यानंतर त्यानंच तोड काढली.

"तू मागसून सांग, मी पुढसून ओरडतंय. नाटकात पडद्यामागसून सांगतत नाय, तसा."

मी हो म्हटलं. गावच्या मानकऱ्यांनीही मान डोलावली. पण अट घातली की शिमग्याच्या आधी मी देवळात सगळ्यांसमक्ष रघूच्या हातात नारळ द्यायचा. नारळ दिला की मान धाकट्या घराकडे गेला, तो कायमचा. माझ्या मुलाकडे, नातवाकडे, कुणाकडेच परत यायचा नाही. आम्ही सहलीहून परतलो की सोमवारी तो कार्यक्रम ठरला होता. डोंगरावर चढताना इतरांच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या होत्या. माझ्या डोक्यावर तो नारळ होता.

सहलही रघूनंच जमवली. गावातली दहा-बारा माणसं, त्यात मानकऱ्यांपैकी आप्पा धुरी. आप्पा सत्तरीचे, काटक, आणि वहिवाटीच्या बाबतीत इतके कडक की घरात मांजरी डावीकडून गेली तरी 'हिच्या आवशीची वाट उजवीकडची' म्हणून तिला परत पाठवायचे. मुक्कामाच्या गावावर एक डोंगर होता, अंगभर देवदाराचं रान ल्यालेला. माथ्यावर देवीचं लाकडी देऊळ. सकाळी निघायचं आणि उन्हं कलायच्या आत खाली यायचं. बलदेवनं निघताना एवढंच बजावलं होतं, की पायवाट सोडून झाडाच्या बुंध्याजवळ जाऊ नका. तिथे बर्फ वरून भरल्यासारखा दिसतो, पण आतून पोकळ असतो.

भाड्याच्या गमबुटांत पाय घालून आमची वरात निघाली. बायकांनी साड्यांच्या आत पँटी चढवल्या होत्या आणि त्यावरून स्वेटर, शाल, मफलर, पुन्हा शाल. मालनवहिनी तर चालती गादीच दिसत होती. वाकून तिनं मूठभर बर्फ उचलला, बोटांनी चुरडून पाहिला.

"अगो बाय! मेल्यांनी केवढा खोबरा किसून टाकल्यानी!"

ते तसंच होतं. फांद्यांवर खोबरं, दगडांवर खोबरं, आप्पांच्या टोपीवर खोबरं. मध्येच ऊन यायचं आणि सगळं रान साखरेसारखं चमकायचं. मी सर्वांत शेवटी होतो. तसं रघूनंच ठरवलं होतं. "दिगू शेपूट. तो पुढे ऱ्हवलो तर सगळ्यांका रात होतली."

मी हिमालयावर बरंच वाचून आलो होतो. कडे कसे कोसळतात, पाय कसे गारठतात, उंचीवर माणसाला कसे भास होतात, हे मी सकाळच्या चहाला सगळ्यांना सांगितलं होतं. हातमोजे आणायला मात्र विसरलो होतो. शेवटी वहिनीनं स्वेटरच्या बाह्यांवरून मला तिचे पायमोजे चढवले.

"ह्यो आमचो दिगू," रघू बलदेवला सांगत होता, "किताब में दो बार एव्हरेस्ट चढ्या. लेकिन घर के माळ्यापे चढने को हमको बुलाता है."

सगळे हसले. मीही हसलो. रघूच्या थट्टेचा राग कधी आला नाही. त्यात कुसळ नसायचं.

अर्ध्यावर एका सपाटीला आम्ही टेकलो. रघू माझ्याशेजारी येऊन बसला आणि खिशातून काढलेले शेंगदाणे माझ्या मोजे घातलेल्या हातावर ओतले. ते सगळे खाली सांडले.

"सोमवारी नारळ देऊन टाकूया मा?" त्यानं विचारलं.

"देऊया."

"तुका वायट नाय मा वाटणा?"

"नाय रे."

रघूनं बर्फातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. मग म्हणाला, "नाय म्हणतंस, तां पण माका ऐकाक येणा नाय."

मी बर्फातले शेंगदाणे वेचत राहिलो. रघू उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "तू हो पुढे. मी जरा जाऊन येतंय."

"मी शेपूट. मी थांबूक होया."

"मेल्या, माणसान निदान ह्या कामाक तरी एकट्यान जावक होया! चल, चल."

मी निघालो. पन्नासेक पावलं गेलो असेन, तोच खालच्या दरीतून धुकं वर आलं. येताना त्यानं आवाज केला नाही, वाराही नव्हता. आधी खालचं रान गेलं, मग वाट गेली, मग माझे गमबूट गेले. पांढऱ्यावर पांढरं चढलं. पुढून बलदेवची शिट्टी ऐकू आली, तिच्या मागानं मी चाचपडत गेलो. सगळे एका जागी गोळा झाले होते. बलदेवनं माणसं मोजली आणि विचारलं, "वो बड़ी आवाज़ वाले साहब?"

मग जो गोंधळ झाला तो सांगायला नको. "रघूऽ!" "अरे रघूऽ!" "रघूभाऊऽ!" बारा जण बारा दिशांना तोंडं करून ओरडत होते आणि बर्फ ते सगळं गिळून टाकत होता. आमच्याकडे डोंगरात हाक मारली तर पलीकडचा डोंगर ती परत करतो. इथे हाक तोंडातून निघाली की पुढ्यातच पडायची.

बलदेव चिडला. "सब एक साथ मत चिल्लाओ! वो जवाब देगा तो सुनेगा कौन? एक आदमी बोले, फिर सब चुप!" धुक्यात कुणीही जागा सोडायची नाही, असंही त्यानं दरडावलं. आवाज कुठून येतो ते कळलं तर तो स्वतः जाणार होता. न कळता गेला तर तोही हरवायचा.

एक माणूस बोलणार, मग सगळे गप्प.  ही रीत कुठली ते मला ठाऊक होतं.

मालनवहिनी एका आडव्या ओंडक्यावर बसली होती. नवरा बर्फात हरवलेला आणि ती डबा उघडून लाडू मोजत होती. मला वाटलं, धक्क्यानं माणसाचं असं होत असेल. मी तसं कुठेतरी वाचलंही होतं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी गाऱ्हाणां घाला."

"मी?"

"नावान हाक मारल्यार ओ देवची सवय त्यांका घरात पण नाय. पण गाऱ्हाणां कानार पडला, तर झोपेत सुद्दा 'व्हय म्हाराजा' म्हणतत. माका इचारा. किती वेळा दचकान उठलंय मी."

"पण आप्पा आसत. आप्पांचो आवाज..."

"मी?" आप्पा धुरी दोन पावलं मागे सरकले, जणू मी त्यांना दरीत उडी मारायला सांगितली होती. "मान तुमच्या घराचो. अजून तू नारळ दिलंस नाय. नारळ देय पर्यंत गाऱ्हाणां तुजा. देवाची वहिवाट काय बर्फात बदलता?"

"आप्पा, माणूस हरवलो आसा!"

"म्हणान तर सांगतंय. भलत्यान घातलेला गाऱ्हाणां देव ऐकणा नाय. सकाळी रघून घातल्यान, बघ काय झाला तां. रघू ऐकात, देव ऐकणा नाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. धुक्यात चेहरे पुसट झाले होते, पण डोळे दिसत होते. मी घसा खाकरला. 

"हे बा देवा म्हाराजा..."

"काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"भावजी," वहिनी म्हणाली, "तां माका पण ऐकाक नाय इला. मी हय बसलंय, तुमच्या पायाशी."

काय करावं सुचेना. त्या डोळ्यांपासून सुटावं एवढ्यासाठी मी पाठ फिरवली आणि आलो त्या वाटेकडे तोंड केलं. समोर काहीच नव्हतं. झाड नाही, वाट नाही, माणूस नाही. पांढरी, खोल, गार पोकळी. तिला तोंड नव्हतं, डोळे नव्हते.

विहीर होती ती.

"हे बा देवा म्हाराजा!"

तो आवाज माझा होता की कुणाचा, मला आजही खात्रीनं सांगता यायचं नाही. पण पाठीमागून ताबडतोब आलं, "व्हय म्हाराजा!"

"ह्या डोंगराचो जो कोण राखणदार असशीत, तो ऐक म्हाराजा! आमी लांबची माणसा, समुद्राकडची! तुज्या घराक न इचारता इलंव!"

"व्हय म्हाराजा!"

मी हात वर करून थांबलो. सगळे गप्प. बर्फ फांदीवरून निसटल्याची सळसळ, बाकी काही नाही.

"आमचो एक माणूस तुज्या हद्दीत चुकलो आसा म्हाराजा! शाणो असतो, तर चुकलो नसतो!"

"व्हय म्हाराजा!" यात वहिनीचा आवाज सर्वांत वर होता.

पुन्हा हात. पुन्हा शांतता. शब्द येत होते. नानांचे नव्हते ते. त्या जागेचे होते, आपोआप जुळत होते. आता मागं वळून बघायचं नाही एवढंच मला कळत होतं.

"तेका वाट दाखय म्हाराजा! वाट दिसणा नसात, तर तेच्या आवाजाक वाट दाखय! आवशीच्या पोटातसून आणलेलो आवाज, तो तरी खंय हरवलो नसात! आमच्या माणसाक आमच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

माझा हात वरच होता. कुणी 'व्हय' म्हटलं नाही. आणि त्या शांततेत, डावीकडून, खालून, रांजणात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

बलदेव निघालासुद्धा. पोटावर झोपून, काठी पुढे टोचत तो त्या दिशेला सरकला. आम्ही बायकांच्या शाली एकमेकींना गाठी मारून त्याच्यामागे सोडल्या. फार लांब जावं लागलंच नाही. आम्ही उभे होतो तिथून हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर एका जाड देवदाराच्या बुंध्याशी रघू काखेपर्यंत बर्फात उभा होता. धुक्यात वाट शोधत वर येताना आधारासाठी झाडाला हात लावायला गेला आणि पोकळीत उतरला. त्याला ओढून काढलं तेव्हा एक गमबूट आतच राहिला.

वर आल्याबरोबर त्यानं दोन्ही कान चोळले.

"मेल्या दिगू! कान फुटले माजे! मी हय, आणि तू कुडाळसून हाक मारल्यासारखो कित्याक बोंबलतंस?"

सगळे हसत सुटले. काही रडतही होते. बलदेवनं त्याचा पाय आपल्या कोटाच्या आत घेऊन चोळला आणि राहिलेला गमबूट काठीनं उकरून काढला.

"नावान हाका मारी होतंव, तेवा गप कित्याक ऱ्हवलंस?" मी विचारलं.

रघूनं बायकांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. त्याच्या मानानं खाली. "लाज वाटली रे. पँटीचो पट्टो सोडलेलो, तो लावूक गावलो नाय. आपल्याआपण भायर येवया म्हटलंय."

हे मला पटलं. माझी स्वतःची सगळी हयात लाजण्यात गेली होती.

धुकं आलं तसंच न सांगता निघून गेलं. माथ्यावर पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं आणि चहूबाजूंना डोंगरांच्या पांढऱ्या रांगा. देवीच्या देवळाचं दार हिवाळ्यासाठी बंद होतं. उंबऱ्यावर बर्फाची नक्षी धरली होती. गावाहून आणलेला नारळ रघूच्या पिशवीत होता. त्यानं तो काढला, शेंडी नीट केली आणि माझ्या हातात दिला. मग जाऊन सगळ्यांच्या मागे, शेवटच्या रांगेत उभा राहिला.

मी गडबडलो. "रघू, तू..."

"घाल घाल. माजो आवाज बसलो." हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की देवळाच्या छपरावरचा बर्फ घसरून खाली आला.

"बरा. मग तू मागसून सांगशीत मा?" मी सवयीनं विचारलं.

"माका खंय काय येता? माका फक्त 'व्हय म्हाराजा' येता."

आप्पा धुरींनी नाकात एक आवाज काढला. तो पसंतीचा होता.

त्या सोमवारी देवळात नारळ दिला गेला नाही. रघूच म्हणाला, त्याच्या पायाला गारठा धरलाय, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात गिरणीचा पट्टा तुटला. मग शिमगा आला. मी देवाकडे तोंड केलं, गावाकडे पाठ केली, आणि गाऱ्हाणं घातलं. नानांसारखं नव्हतं, नदीपलीकडे गेलं की नाही मला शंकाच आहे. पण देवळात सगळ्यांना ऐकू आलं असं म्हणाले. याला आता तीस वर्षं होत आली. दर वर्षी आदल्या रात्री मला झोप लागत नाही आणि दर वर्षी रघू डाव्या बाजूला, खांबाशी उभा राहून सगळ्यांच्या आधी 'व्हय म्हाराजा' म्हणायचा.

तो गेला गेल्या मार्गशीर्षात. झोपेतच.

दिवसवार झाल्यावर एका दुपारी वहिनीकडे जाऊन बसलो. बोलता बोलता त्या डोंगराची आठवण निघाली. मी म्हटलं, "बिचारो रघू. लाजान खड्ड्यात गप बसलो होतो."

"लाजान?" वहिनीनं डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. "भावजी, भर कबड्डीच्या मैदानात लुंगी सुटलेली, तेवा ह्या माणसान आधी गुण सांगितल्यान आणि मगे लुंगी उचलल्यान. लाज कसली?"

मी पुढे सरकून बसलो.

"म्हणजे तो मुद्दाम पडलो?"

"छे! पडले ते खरे पडले. तां कोण मुद्दाम करतलो?"

"मग गप कित्याक ऱ्हवलो? आणि तुमी? तुमी थंय लाडू मोजी होतात..."

वहिनी उठली, आत गेली आणि बशी घेऊन आली.

"लाडू खावा, भावजी," ती म्हणाली.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे. असेलही, नसेलही. इतक्या गारठ्यात, काखेपर्यंत बर्फात, कुणी कुणासाठी गप्प राहील का? पुस्तकात असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

या शिमग्याला मी पहिलं मागणं मागितलं आणि नेहमीसारखा थांबलो. सगळं देऊळ 'व्हय म्हाराजा' म्हणालं. मी आणखी एक श्वासभर थांबलो, डाव्या बाजूला कान देऊन. मग पुढचं मागणं मागितलं, कुडाळहून हाक मारावी तशा आवाजात. रघू आता जरा लांब आहे.